उन्हाळ्यात हलकी रेड वाइन गार करून कशी द्यावी

रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवायची नाही, हा नियम मे महिन्यात पुण्या-नागपुरात पाळला तर वाइन वाया जाते. ‘खोलीच्या तापमानाला द्या’ ही सूचना ज्या जुन्या युरोपीय घरांवरून आली, तिथल्या खोल्या १६ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असत. आपल्याकडे कपाटात ठेवलेली बाटली उन्हाळ्यातल्या दुपारी सहज ३२ अंशांवर असते. या तापमानाला अल्कोहोल आधी नाकात चढतं, फळांचा वास शिजवलेल्या जॅमकडे झुकतो, आंबटपणा मागे पडतो आणि वाइन जड, चिकट लागते. त्यामुळे उन्हाळ्यात प्रत्येक रेड वाइन थोडी तरी गार करावीच लागते. पण काही रेड अशा आहेत, की १२-१३ अंशांवर आणल्या की त्या जास्त खुलतात. इथे त्यांच्याबद्दलच लिहिलं आहे.

आधी टॅनिन बघा

कुठली रेड गार चालेल हे ठरवायला द्राक्षाचं नाव, देश, किंमत यांपेक्षा टॅनिन महत्त्वाचं. टॅनिन म्हणजे द्राक्षाची साल, बिया आणि देठ यांतून वाइनमध्ये उतरणारा तुरटपणा. फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर जीभ आणि हिरड्या जशा कोरड्या पडतात, तसंच टॅनिन जाणवतं. वाइन जितकी गार, तितका हा तुरटपणा आणि त्यासोबतचा कडवटपणा जास्त लागतो. शिवाय गारव्यामुळे वास कमी उडतात, म्हणजे तुरटपणा झाकायला फळंही पुढे येत नाहीत. ओकच्या लाकडी पिंपात वर्षभर मुरलेली दमदार कॅबर्ने सोव्हिन्यों १० अंशांवर दिली तर ती लाकूड चघळल्यागत लागते, त्याचं कारण हेच.

गार करायच्या रेडमध्ये म्हणून तीन गोष्टी हव्यात: टॅनिन कमी, आंबटपणा चांगला आणि अल्कोहोल बेताचं. गार केल्यावर आंबटपणा धारदार होतो आणि तोच वाइनला ताजेपणा देतो. आंबटपणा मुळातच कमी असेल तर गार करून उपयोग होत नाही, वाइन नुसती पातळ आणि मुकी लागते.

टॅनिन कमी ठेवायची एक खास पद्धत आहे, ती समजून घेतली की अर्धी निवड सोपी होते. नेहमीच्या पद्धतीत द्राक्षं फोडून रस, साली आणि बिया एकत्र आंबवतात. तयार होणारं अल्कोहोल बियांमधलं टॅनिन ओढून घेतं. कार्बोनिक पद्धतीत मात्र अख्खे घड न फोडता बंद टाकीत भरतात आणि टाकीत कार्बन डायऑक्साइड असतो. प्राणवायू नसल्यामुळे प्रत्येक मण्याच्या आतच आंबण्याची सुरुवात होते. सालीतून रंग उतरतो, बिया जवळपास अस्पर्श राहतात. वाइन लाल होते, पण तुरट होत नाही. वास ताज्या रासबेरीचा, चेरीचा, कधी पिकलेल्या केळ्याचा किंवा बबलगमचा येतो. मागच्या लेबलवर ‘कार्बोनिक’ किंवा ‘सेमी-कार्बोनिक’ दिसलं की ती बाटली निर्धास्तपणे फ्रीजमध्ये जाऊ शकते.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर

पहिल्यांदा अल्कोहोलचा आकडा बघा. ११.५ ते १३ टक्के असेल तर उत्तम. १३.५ च्या वर गेला म्हणजे द्राक्षं जास्त पिकलेली होती, साखर चढलेली होती, आणि बहुधा आंबटपणाही उतरलेला असणार. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण अनोळखी बाटलीपुढे उभं असताना याच्याइतका उपयोगी दुसरा नाही.

मग मागचं लेबल वाचा. ओक, बॅरल, रिझर्व्ह, ‘१२ महिने मुरवलेली’ असं काही असेल तर ती बाटली हिवाळ्यासाठी ठेवा. स्टीलच्या टाकीत केलेली, लाकडाचा स्पर्श नसलेली, एक ते तीन वर्षं जुनी बाटली घ्या. या वाइन साठवण्यासाठी नसतात. त्यांतली फळं हीच त्यांची गंमत आणि ती वयाबरोबर जाते.

बाटलीचा मानेकडचा भाग उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड माणकासारखा लालसर झिरपत असेल तर वाइन हलकी असण्याची शक्यता मोठी. काळी-जांभळी दिसली आणि आरपार काहीच दिसत नसेल तर ती शिराझ-कॅबर्नेच्या वजनाची असणार.

आपल्याकडे आणखी एक तपासणी करावीच लागते: बाटली उन्हाने भाजलेली नाही ना? आठवडेच्या आठवडे ३०-३५ अंशांत राहिलेली वाइन आतून शिजते, आणि नंतर कितीही गार केली तरी सुधारत नाही. एसी नसलेल्या दुकानात दाराजवळच्या, दिव्याखालच्या किंवा अगदी वरच्या फळीवरच्या बाटल्या टाळा. कॅप्सूलवरून, म्हणजे बुचावरच्या आवरणावरून, बोट फिरवून बघा. बूच बाटलीच्या तोंडापेक्षा वर उचललेलं लागलं, किंवा कॅप्सूलखाली चिकट लाल डाग असला, तर आतली वाइन तापून फुगली होती हे नक्की. अशी बाटली परत ठेवा. स्क्रू कॅपच्या बाटलीत हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे तिथे ताजं वर्ष आणि भरपूर खप असलेलं दुकान यांवरच विसंबावं लागतं. घेतलेली बाटली गाडीच्या डिकीत ठेवून पुढची कामं उरकायला जाऊ नका. बंद गाडी दुपारी तासाभरातच भट्टी होते.

कोणत्या घ्याव्यात

गार रेड म्हटलं की सगळ्यात आधी फ्रान्समधल्या बोजोलेचं नाव घ्यावं लागतं. लियों शहराच्या उत्तरेला असलेल्या या भागात रेडसाठी गामे हे एकच द्राक्ष लावतात. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप द बोल्ड याने ‘बेइमान’ ठरवून या द्राक्षाला आपल्या मुलखातून हद्दपार केलं होतं. बर्गंडीच्या दक्षिणेला असलेल्या बोजोलेत, विशेषतः ग्रॅनाइटच्या जमिनीत, ते छान रुजलं. पातळ साल, कमी टॅनिन, भरपूर आंबटपणा: गार करायला याहून सोयीचं द्राक्ष क्वचितच असेल.

बोजोलेच्या तीन पायऱ्या आहेत. नुसतं ‘बोजोले’, त्यावर ‘बोजोले-व्हिलाज’, आणि सगळ्यात वर ‘क्रू’, म्हणजे दहा ठरावीक भागांच्या वाइन. क्रूच्या बाटलीवर बहुतेकदा त्या भागाचंच नाव ठळक असतं, बोजोले हा शब्द शोधावा लागतो. म्हणून नावं माहीत हवीत: सँ-आमूर, ज्युलिएना, शेना, मुलाँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मोर्गाँ, रेन्ये, ब्रुई आणि कोत द ब्रुई. उन्हाळ्यासाठी यांतलं शिरूब्ल पहिलं घ्या. या गावच्या बागा दहाही क्रूंमध्ये सर्वांत उंचावर आहेत आणि वाइन तितकीच हलकी, फुलांच्या वासाची असते. फ्लरी, ब्रुई आणि रेन्येही चांगले. मोर्गाँ आणि मुलाँ-आ-व्हाँ अंगाने भरलेले असतात, ते फार गार करू नयेत. पैशाच्या मानाने चांगली निवड म्हणाल तर बोजोले-व्हिलाज. क्रूची सगळी खोली त्यात नसते, पण गार पिताना ती खोली तशीही अर्धी झाकली जाते.

बोजोले नुव्हो नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, काढणीनंतर दोन-अडीच महिन्यांत. ती तेव्हाच प्यायची. आपल्या मे महिन्यापर्यंत तिचा बहर ओसरलेला असतो, त्यामुळे स्वस्तात दिसली तरी उन्हाळ्यात घेऊ नका.

इटलीत पर्याय भरपूर आहेत. उत्तरेकडच्या आल्तो आदिजेची स्कियावा फिकट, गुलाबीकडे झुकणारी आणि तुरटपणा जवळपास नसलेली. गार्दा तळ्याकाठची बार्दोलिनो आणि तिच्या शेजारची साधी व्हालपोलिचेल्ला दोन्ही चेरीच्या वासाच्या. मात्र व्हालपोलिचेल्ला घेताना ‘रिपास्सो’ किंवा ‘आमारोने’ हे शब्द असलेली बाटली नको. आमारोने सुकवलेल्या द्राक्षांची असते, रिपास्सो तिच्याच चोथ्यावरून दुसऱ्यांदा काढलेली, दोन्ही जड. सिसिलीतल्या व्हित्तोरिया गावाकडची फ्रापातो ही उन्हाळ्यासाठीच केल्यासारखी आहे: स्ट्रॉबेरी, थोडी सुगंधी वनस्पतींची झाक आणि स्वच्छ आंबटपणा. तिच्यात नेरो द’आव्होला मिसळून चेरासुओलो दी व्हित्तोरिया होते, ती जरा वजनदार. लांब्रुस्को दी सोर्बारा ही फिकट, फेसाळ आणि आंबटसर. लेबलवर ‘सेक्को’ असेल तर कोरडी, ‘अमाबिले’ किंवा ‘दोल्चे’ असेल तर गोड.

फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली शिनाँ आणि सोम्यूर-शांपिन्यी या कॅबर्ने फ्रांच्या वाइन, तरुण आणि टाकीत केलेल्या असतील तर, १४ अंशांना फार छान लागतात. हिरव्या ढोबळी मिरचीची हलकी झाक ही त्यांची खूण आहे, दोष नाही. ऑस्ट्रियाची त्स्वाइगेल्ट (१९२२ मध्ये सँ लोराँ आणि ब्लाउफ्रँकिश या दोन द्राक्षांच्या संकरातून आलेली) आणि चिलीच्या इताता भागातली सँसो किंवा पाइस याही याच जातकुळीतल्या. मुंबई, पुणे आणि पणजीतल्या मोठ्या दुकानांत त्यातल्या त्यात सहज सापडणारी आयात बाटली म्हणजे चिली किंवा न्यूझीलंडची साधी पिनो न्वार. ती घ्या, फक्त ओकचा उल्लेख तपासून घ्या.

आयात शुल्कामुळे या बाटल्या आपल्याकडे महाग पडतात, म्हणून नाशिक आणि अकलूजकडे वळू. आपल्या द्राक्षबागांची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली खरड छाटणी, आणि पावसाळा सरताना होणारी गोडी छाटणी. घड धरतात ते दुसऱ्या छाटणीनंतर आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. काढणी लांबत मार्चच्या उन्हात गेली की साखर झपाट्याने वाढते आणि आंबटपणा घसरतो. त्यामुळे आपल्याकडच्या रेडमध्ये अल्कोहोलचा आकडा बघणं जास्तच गरजेचं.

भारतातल्या बहुतेक रेड शिराझ आणि कॅबर्नेच्या. सुला कंपनीची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ किंवा ग्रोव्हर झांपा कंपनीची ला रिझर्व्ह या ओकमध्ये मुरलेल्या वाइन. त्या १६-१७ अंशांवरच द्याव्यात, त्याखाली नाही. गार करण्यासाठी नाशिकची झिनफँडेल चांगली: फळ पुढे, टॅनिन मवाळ. सुलाने हे द्राक्ष भारतात आणलं. दुकानात नुसतं ‘झिनफँडेल’ मागितलं तर पुष्कळदा त्याच द्राक्षाची रोझे हातात येते, ती गोडसर आणि गुलाबी. रेडच हवी असेल तर बाटली बघून घ्या. अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सांजोव्हेसे आंबटपणाला चांगली आहे, पण तिच्यात टॅनिन मध्यम असतं, म्हणून ती १५ अंशांच्या खाली नेऊ नका. साधी, लाकूड न लागलेली शिराझही १५ अंशांवर बरी लागते, मात्र तिच्याकडून शिरूब्लची अपेक्षा करू नये.

गार करण्याची रीत

सगळ्यात सोपी रीत म्हणजे फ्रीज. ३२ अंशांवरची ७५० मिलीची बाटली ४-५ अंशांच्या फ्रीजमध्ये आडवी ठेवली तर १३ अंशांपर्यंत यायला दोन ते अडीच तास लागतात. ‘प्यायच्या आधी वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा’ असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो १८-२० अंशांच्या घरांसाठी आहे. आपल्या उन्हाळ्यात वीस मिनिटांत जेमतेम चार अंश उतरतात. बाटली मागच्या बाजूला ठेवा. दारातल्या कप्प्यात दर वेळी गरम हवा लागते आणि वेळ लांबतो.

उलट, बाटली रात्रभर फ्रीजमध्ये राहिली असेल तर ती फार गार असते. प्यायच्या सुमारे ३५-४० मिनिटं आधी बाहेर काढा. तितका वेळ नसेल तर ग्लासात ओतून ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत ती जागेवर येते.

पाहुणे दारात आणि बाटली कपाटात, असं झालं तर बर्फाचं पाणी. ते नीट करायची पद्धत अशी:

१. बाटली मानेपर्यंत बुडेल असं उंच पातेलं किंवा बादली घ्या. उथळ भांड्यात अर्धी बाटली वर राहते आणि वरची वाइन गरमच ओतली जाते.

२. अर्धा बर्फ, अर्धं पाणी. नुसत्या बर्फात बाटली खोवली तर खड्यांमध्ये हवा राहते आणि गार व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. पाणी काचेला सगळीकडून भिडतं, म्हणून काम करतं ते पाणी.

३. घाई असेल तर दोन मुठी जाडं मीठ घालून ढवळा. मिठामुळे पाण्याचं तापमान शून्याच्या खाली जातं.

४. बाटली दर दोन-तीन मिनिटांनी मानेला धरून हलकेच गोल फिरवा. आतली काचेलगतची वाइन गार होते, मधली तशीच राहते. फिरवल्याने ती मिसळते.

५. साध्या बर्फ-पाण्यात १२ ते १५ मिनिटं, मीठ घातलेल्यात ७-८ मिनिटं. मग बाहेर काढा, पुसा, उघडा.

मिठाच्या पाण्यातली बाटली उघडण्याआधी तोंडाशी स्वच्छ पुसायला विसरू नका, नाहीतर पहिल्या ग्लासात खारट थेंब उतरतो.

डीप फ्रीझर हा शेवटचा उपाय. त्यात ४० ते ५० मिनिटं लागतात, म्हणजे बर्फाच्या पाण्यापेक्षा तिप्पट, आणि धोका वेगळाच. साडेबारा टक्के अल्कोहोलची वाइन उणे ५-६ अंशांना गोठू लागते, फ्रीझर उणे १८ ला असतो. विसरलेली बाटली फुगते, बूच वर येतं, क्वचित काच तडकते. ठेवायचीच तर फोनवर गजर लावून ठेवा.

वीज गेली तर? विदर्भ, खानदेश, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात बाटलीभोवती ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याच्या झोतात ठेवता येते, किंवा माठाच्या पाण्यात बुडवता येते. यात बाटली बावीस-तेवीस अंशांच्या खाली जात नाही, पण आधी गार केलेली बाटली तापण्यापासून वाचते. मुंबईत आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत फडकं सुकतच नाही, त्यामुळे तिथे हा उपाय निरुपयोगी.

किती गार?

स्वयंपाकाचा सळईवाला थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. तो घ्या, आणि बाटलीत न घालता ग्लासातल्या वाइनमध्ये बुडवा. बर्फाच्या लगद्यात शून्य दाखवतो का, हे एकदा तपासून घेतलं की पुढे भरवसा ठेवता येतो.

लांब्रुस्को ८ ते १०. स्कियावा, फ्रापातो, बार्दोलिनो, साधी बोजोले: ११ ते १३. फ्लरी-शिरूब्लसारखे हलके क्रू आणि पिनो न्वार: १३ ते १४. मोर्गाँ, कॅबर्ने फ्रां, झिनफँडेल: १४ ते १५. हे पिण्याच्या क्षणाचे आकडे आहेत. ३४ अंशांच्या गच्चीवर ग्लासातली वाइन पंधरा मिनिटांत पाच-सहा अंश चढते. म्हणून बाहेर बसणार असाल तर प्रत्येक आकड्यातून दोन अंश वजा करून ओता. एसीच्या खोलीत तसं करायची गरज नाही.

थर्मामीटर नसेल तर जिभेवर विसंबा. वाइन तोंडात घेतल्यावर आधी नुसता आंबट-कडवट चटका बसला आणि वास काहीच आला नाही तर ती जास्त गार आहे. ग्लासाचा फुगीर भाग दोन्ही तळव्यांत धरा, तीन-चार मिनिटांनी पुन्हा चाखा. नाक जवळ नेताच अल्कोहोल झोंबलं तर उलट, बाटली पुन्हा पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात.

ओतताना

एका वेळी ७५ ते ९० मिलीच ओता, ग्लासाचा तिसरा हिस्साही नको. थोडी ओतली की संपेपर्यंत गार राहते आणि बाकीची बाटलीत सुरक्षित असते. दांडीचा, मध्यम आकाराचा, वर किंचित निमुळता ग्लास सगळ्यात चांगला आणि तो दांडीलाच धरायचा. बिनदांडीच्या ग्लासात हाताची ऊब थेट उतरते. स्टीलचा पेला नकोच, तो बाहेरचं ऊन काचेपेक्षा कितीतरी वेगाने आत नेतो. ग्लास फ्रीजमध्ये ठेवून गार करायचे असतील तर आधी फ्रीजमध्ये चिरलेला कांदा किंवा लसूण उघडा नाही ना बघा. ओल्या ग्लासाला तो वास चटकन लागतो, आणि शिरूब्लच्या फुलांच्या वासाचं मग काही उरत नाही.

टेबलावर बर्फाची बादली ठेवली तर बाटली त्यात सतत बुडवून ठेवू नका. अर्ध्या तासात ती ५ अंशांवर जाईल. पाच मिनिटं आत, पंधरा मिनिटं बाहेर असं आलटून-पालटून करा. ग्लासात बर्फ टाकू नका. या वाइन मुळातच हलक्या, पाणी मिसळलं की त्यांची चव साफ मोडते. फारच ऊन असेल तर गोठवलेली बिनबियांची द्राक्षं तीन-चार टाका, ती वाइन पातळ करत नाहीत.

गार आणि हलकी वाइन तहान भागवल्यासारखी भराभर पोटात जाते, अल्कोहोल मात्र तेवढंच असतं. उन्हातून आलेल्या पाहुण्यांना आधी पोटभर पाणी द्या, वाइन नंतर. महाराष्ट्रात वाइन घ्यायची किमान वयोमर्यादा २१ वर्षं आहे, हेही लक्षात असू द्या.

काही वेगळं दिसलं किंवा वास आला तर

तळाशी किंवा बुचाला साखरेसारखे चमकणारे खडे दिसले तर घाबरू नका. द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचा क्षार गारव्याने स्फटिक होऊन खाली बसतो. निरुपद्रवी आहे, शेवटचा घोट बाटलीत ठेवला की झालं.

कार्बोनिक पद्धतीच्या वाइनला उघडल्याबरोबर जळलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा पुसट वास येऊ शकतो. टाकीत प्राणवायू न मिळाल्यामुळे तो येतो. ग्लास जोरात फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, बहुधा जातो. ओल्या पुठ्ठ्याचा, बुरशीचा वास मात्र जात नाही. तो बुचातून आलेला दोष आहे. गारव्यात तो दबून राहतो आणि वाइन तापली की वर येतो, म्हणून शंका आली तर दोन घोट वेगळे काढून तापू द्या आणि पुन्हा वास घ्या. सल्फाइट (वाइन टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) कमी वापरलेल्या ‘नॅचरल’ वाइन उन्हाला सगळ्यात आधी बळी पडतात. एप्रिल-मेमध्ये त्या फक्त गार साठवण असलेल्या दुकानातूनच घ्याव्यात.

सोबत काय

तळलेलं आणि खमंग हे सगळ्यात सोपं: कोथिंबीर वडी, कांदा भजी, अळूवडी. वाइनचा आंबटपणा तेलाचा थर कापतो. थालीपीठ आणि लोणी तर फार छान जुळतं. भाजणीचा भाजका वास आणि गामेचं फळ एकमेकांना पुढे आणतात. तिखटाला अल्कोहोल आणि टॅनिन दोन्ही चिथावतात, म्हणून ठेचा, कोल्हापुरी सुकं असं काही असेल तर सर्वांत कमी अल्कोहोलची आणि सर्वांत गार वाइन निवडा. स्कियावा किंवा किंचित गोड लांब्रुस्को तिथे टिकते.

माशांबाबत थोडं सांभाळा. रवा लावून तळलेली सुरमई किंवा पापलेट गार फ्रापातोबरोबर चालतं. बांगडा आणि तारली मात्र तेलकट, आणि रेड वाइनमधल्या लोहाशी माशाच्या तेलाचा संयोग झाला की तोंडात लोखंडी, उग्र मासळी चव उरते. त्यांच्यासोबत व्हाइटच बरी. आमसुलाचं सार, सोलकढी यांच्या आंबटपणापुढे मवाळ झिनफँडेल बेचव वाटते, बोजोले टिकते. आमरसाबरोबर कोरडी रेड देऊ नका. आंब्याच्या गोडीपुढे ती नुसती आंबट आणि कडू लागते.

उरली तर

बूच किंवा झाकण घट्ट लावून बाटली लगेच फ्रीजमध्ये उभी ठेवा. उभी ठेवली की हवेला लागणारा पृष्ठभाग कमी राहतो. टेबलावर रात्रभर राहिलेली अर्धी बाटली आपल्या उन्हाळ्यात सकाळपर्यंतच शिळी होते. फ्रीजमध्ये हलकी रेड दोन दिवस चांगली, तिसऱ्या दिवशी फळ ओसरतं. चतुर्थांशच उरली असेल तर लहान, स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, म्हणजे एखादा दिवस जास्त मिळतो. त्यानंतरची वाइन टोमॅटोच्या रश्श्यात, मांस मुरवायला किंवा साखर घालून अर्धी होईपर्यंत आटवून आइस्क्रीमवर ओतायला वापरा. व्हिनेगरचा वास यायला लागला असेल तर मात्र यांतल्या कशातच घालू नका, कारण आटवल्यावर तो वाढतो.